हाकेला ‘ओ’

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग जड भरली तेव्हा बाबांनी ती तिथेच, सगळ्या रांगेसमोर, उघडायला लावली. वरच माझा जर्मन शब्दकोश होता. तो हातात तोलून ते म्हणाले, "हा धोंडा ठेव इथेच. सिंगापुरात कोण बोलणार आहे तुझ्याशी जर्मन? पोहायला शिकली आणि वाळवंटात निघाली!" आईचं म्हणणं पडलं की हवं तर मेतकूट काढा, पण पोरीचं पुस्तक राहू द्या. बराच खल होऊन शेवटी माझी लोकरीची शाल बाहेर निघाली. सिंगापूरसारख्या घामट गावाला जाताना ती मी कशाला घेतली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. समीर, म्हणजे माझा नवरा, नोकरीवर रुजू व्हायला आधीच पुढे गेला होता. काचेच्या दारापलीकडून मी हात हलवला तेव्हा बाबा शालीची घडी घालत होते आणि आई नाक पुसत होती. मी रडले नाही. मला खरं म्हणजे भूक लागली होती.

हे लिहितेय ते आमच्या पुण्याच्या जर्मनच्या वर्गातल्या मैत्रिणींसाठी. तुमच्यातल्या निम्म्या जणी पुण्यातच राहिलात, हिंजवडीला बसून जर्मन गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकता. निम्म्या जणी थेट जर्मनीला गेलात आणि दर डिसेंबरला बर्फाचे फोटो पाठवून बाकीच्यांना जळवता. मधल्या मध्ये मी एकटीच विषुववृत्तावर येऊन पडले. परवा ग्रुपवर कोणीतरी विचारलंत, "तू त्या जर्मनचं शेवटी केलंस तरी काय गं?" मी अंगठ्याचं चित्र टाकून विषय मिटवला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी त्या जर्मनचं फार काही केलं नाही, बायांनो. एकदाच ती खरोखर कोणाच्या उपयोगी पडायची वेळ आली, आणि तेव्हा मी शुद्ध माती खाल्ली.

तर पहिल्यापासून सांगते. आम्ही चोआ चू कांगला एचडीबीचा फ्लॅट भाड्याने घेतला. एचडीबी म्हणजे सरकारने बांधलेली घरं. पण ‘सरकारी वसाहत’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते आधी पुसून टाका. इथे लिफ्ट चालतात आणि जिन्यात पिचकाऱ्या नसतात. समीर सकाळी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, ऑफिसला जायचा. मला इथे राहायला मिळालेल्या पासवर ‘डिपेंडंट’ असं छापलेलं होतं. जर्मनमध्ये त्याला ‘आबहेंगिश’ म्हणतात आणि शब्द फोडून पाहिला तर त्याचा अर्थ होतो लोंबकळणारी. हा विनोद मी समीरला सांगितला. त्याला तो कळला नाही, आणि कळेल असं दुसरं माणूस त्या अख्ख्या बेटावर माझ्या ओळखीचं नव्हतं. तेव्हा मला तुम्ही सगळ्या फार आठवलात. पुढे ओवी झाली, ती प्लेस्कूलला जाऊ लागली, आणि मला रॅफल्स प्लेसच्या एका छोट्या भाषावर्गात जर्मन शिकवायचं काम मिळालं.

रॅफल्स प्लेस म्हणजे बँकांचं गाव. माझ्या वर्गात येणाऱ्या पोरापोरींपैकी कोणाचा साहेब झुरिकचा, कोणाचा व्हिएन्नाचा. एकदा एका मुलीने तक्रार केली, "टीचर, यू टीच वन थिंग, माय बॉस टॉक अनदर थिंग." मी तिला बेधडक सांगितलं, की तुझा साहेब अशुद्ध बोलतो. पुण्याची आहे मी. हे वाक्य जिभेवर तयारच असतं. आपल्याला पुण्याच्या वर्गात बाईंनी शिकवली ती ‘होखडॉइच’, म्हणजे उच्च जर्मन. एक उच्च म्हटल्यावर बाकीच्या आपोआप हलक्या, हे आपण कोणाला न विचारता धरून चाललो होतो. वास्तविक त्या उच्चचा अर्थ नुसता ‘उंचावरची’ असा आहे. दक्षिणेला डोंगर, म्हणून तिकडची ती उंचावरची जर्मन. उत्तरेला समुद्रकाठची सपाट जमीन, म्हणून तिथली ती खालची जर्मन, तिचं नाव ‘प्लाट’. घाट आणि कोकण म्हणा ना. परीक्षेत हे दोन ओळींत लिहून मी मार्क मिळवले होते आणि घरी येईपर्यंत विसरलेही होते.

अशात एका दुपारी एक सत्तरीच्या चिनी बाई वर्गात आल्या. फुलाफुलांचा ब्लाउज, आखूड कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी माझा कुडता पाहिला, टिकली पाहिली, आणि पुन्हा त्या मुलीकडे पाहिलं.

"यू? यू जर्मन टीचर आह?"

"हो, मीच."

"रिअल जर्मन?"

मी म्हटलं, "जर्मन रिअल आहे आंटी, टीचर तेवढी इंडियन." त्यावर त्या मोठ्याने हसल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. इथे वयस्कर बाईला आंटीच म्हणतात. त्यांचं नाव मेई, म्हणून त्या माझ्या मेई आंटी झाल्या.

त्यांचा नवरा जर्मन. नाव हिन्रिक, पण आंटी आणि तोआ पायोहची त्यांची अख्खी वस्ती त्याला हेन्री म्हणायची. तरुणपणी तो जहाजावर इंजिनिअर होता. बंदरात उतरला, आंटी भेटल्या, आणि मग तो पुन्हा जहाजावर चढलाच नाही. इथेच जहाजदुरुस्तीच्या कामाला लागला. तोआ पायोहच्या जुन्या ब्लॉकमध्ये दोघांनी संसार केला, मूलबाळ झालं नाही. घरात बोलणं सगळं इंग्रजीत. आंटींना जर्मनचं अक्षर येत नव्हतं, आणि हेन्रीलाही ते कधी शिकवावंसं वाटलं नव्हतं. मग त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली आणि इंग्रजी पार पुसून गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मागाहून आलेली भाषा जाते आणि पहिली राहते. आंटींना तो एवढा थोरला माणूस उचलणं झेपेना, म्हणून त्याला जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. रोज सकाळी तो नर्सेसवर काहीतरी ओरडायचा. दुपारी आंटी जेवण घेऊन गेल्या की गप्प. त्यांचा हात धरायचा, चार घास खायचा आणि झोपून जायचा.

आता त्याच्या पुतण्याने, उवेने, जर्मनीहून कळवलं होतं की काकांना इकडे पाठवा. त्यांच्या जन्मगावाजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी चांगली सोय आहे, तिथे त्यांचं बोलणं लोकांना कळेल तरी. आंटींना त्याच्याबरोबर जाणं शक्य नव्हतं. गुडघे गेलेले, थंडी सोसत नाही, आणि भाषेचं तर विचारूच नका. म्हणजे हेन्री गेला की गेला.

"इफ ही वॉन्ट टु गो, आय लेट हिम गो," आंटी म्हणाल्या. "बट आय मस्ट नो वॉट ही वॉन्ट." त्याला जायचंय की नाही, एवढं एकच मला त्याच्याकडून विचारून द्या, त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. मला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ आहे.

मी सकाळी गेले, ओवीला शाळेत सोडून. हेन्री खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता, आडव्या हाडाचा, पांढऱ्या भुवयांचा. मी आपल्या बाईंनी घोटून घेतलेल्या जर्मनमध्ये, सगळे प्रत्यय जागच्या जागी ठेवून, त्याची ख्यालीखुशाली विचारली. स्टेशनवरची घोषणा ऐकावी तसं त्याने ते सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वॉटर." मी उडालेच! म्हटलं, इंग्रजी परत आलं की याचं! धावत जाऊन नर्सला बोलावलं. तो पाणी प्यायला आणि जड जिभेने पुढे म्हणाला, "इक हेफ डोस्ट." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ‘मला तहान लागलीये’ असं तो म्हणत होता, पण ‘इश’ऐवजी ‘इक’, ‘वासर’ऐवजी ‘वॉटर’. हे इंग्रजी नव्हतं, ही प्लाट होती.

आठवतंय ना, बाईंनी फळ्यावर जर्मनीचा नकाशा काढून त्यावर आडवी रेघ मारली होती ती? शेकडो वर्षांपूर्वी रेघेच्या खाली, डोंगरातल्या लोकांच्या तोंडात व्यंजनं बदलली. वॉटरचं वासर झालं, ‘आपल’चं ‘आप्फल’ झालं. वरच्या समुद्रकाठच्या लोकांनी काही बदललं नाही. त्यांच्यातलेच काही लोक त्याही आधी समुद्र ओलांडून गेले होते, आणि त्यांच्या बोलीची पुढे इंग्रजी झाली. म्हणजे प्लाट आणि इंग्रजी या चुलत बहिणी, आणि आपली पुस्तकातली जर्मन ही घाटावर जाऊन शिकलेली तिसरी. मला हे सगळं पाठ होतं. कानाला मात्र काडीचीही सवय नव्हती.

मग हेन्रीने दाराकडे पाहिलं, डावा हात खुर्चीवर आपटला आणि ओरडायला लागला, "इक विल ना हूस! इक विल ना हूस, बी मीन डेअर्न!" पहिला भाग कोणालाही कळेल. मला घरी जायचंय. दुसऱ्या भागाचा अर्थ होता, माझ्या अमुकजवळ. आणि तो अमुक शब्द मी ऐकला ‘डिर्नं’.

आता तुमच्यातल्या एकीनेही ‘हा कुठला शब्द बाई’ म्हणून सोवळेपणाचा आव आणू नका. वसतिगृहावरच्या तुमच्या खोलीत आपण शब्दकोशात काय काय शोधायचो ते मला माहीत आहे. तसल्या शब्दांचीच पानं सगळ्यात मळलेली होती. डिर्नं म्हणजे वेश्या. हा ऐंशीला टेकलेला माणूस सगळ्या नर्सेससमोर रोज सकाळी बोंब मारत होता की मला घरी जायचंय, माझ्या वेश्येकडे! मी कानकोंडी झाले. नर्स फिलिपिनो होती, तिने विचारलं, "वॉट इज ही सेइंग, मॅम?" मी म्हटलं, "होम. ही वॉन्ट्स टु गो होम."

दुपारी आंटी डबा घेऊन आल्या आणि मला खालच्या कॉफी शॉपमध्ये घेऊन गेल्या. मी त्यांना सांगितलं, त्याला घरी जायचं आहे. त्या म्हणाल्या, "होम व्हेअर?" हा प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता. ‘घरी’ म्हणजे जर्मनीत, यात विचारायचं काय, असं मला वाटलं होतं. तिथे कोणीतरी आहे, मी म्हटलं. कोणीतरी म्हणजे एक बाई. त्याला तिच्याकडे जायचंय.

"वॉट लेडी?"

"नाव नाही कळलं, आंटी."

तो शब्द मी उच्चारला नाही. त्यांच्यासमोर कसा उच्चारणार? सभ्यपणा आडवा आला. तेवढा एक शब्द जसाच्या तसा बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, पण माझी जीभ रेटेना.

आंटींनी कॉफी ढवळली. मग म्हणाल्या, लग्नाआधी त्याने एकदा सांगितलं होतं की गावी एक मुलगी होती. एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाव काढलं नाही. "सो लाँग ऑलरेडी," त्या म्हणाल्या, "ही स्टिल रिमेंबर." त्यांचा चेहरा रडवेला वगैरे काही झाला नाही. कोणीतरी हिशोब समजावून सांगितल्यावर माणूस मान डोलावतो तशी त्यांनी मान डोलावली, आणि मला पपई आवडते का ते विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हेन्रीसाठी गरम कपडे आणले. तोआ पायोहच्या बाजारात लोकरीचा कोट मिळणं सोपं नाही, तीन दुकानं पालथी घातली म्हणाल्या. कोटाच्या आतल्या बाजूला त्यांनी त्याचं नाव शिवून घेतलं, तिकडे कोणाच्या कपड्यात मिसळू नये म्हणून.  ते बघून मला त्या माणसाचा राग आला. हिने तुझं हगणंमुतणं काढायचं आणि तू तिकडच्या सटवीच्या नावाचा जप करायचा? घरी येऊन मी समीरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू अनुवाद करायला गेली होतीस ना? मग न्यायाधीश कशाला होतेस?" मी त्याच्याशीही भांडले.

शेवटची बोलणी करायला आंटींनी मला रविवारी दुपारी घरी बोलावलं. उवेशी स्काइपवर बोलायचं होतं. त्याचं इंग्रजी ठीकठाक होतं, पण कागदपत्रांच्या गोष्टी जर्मनमध्ये झालेल्या बऱ्या. आंटी आत स्वयंपाकघरात फळं कापत होत्या. बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी बसले. उवे निवृत्त शाळामास्तर निघाला, काकासारख्याच भुवया आणि तसाच घोगरा आवाज. विमान, व्हीलचेअर, औषधं असं सगळं झालं. मग मला राहवेना. आंटींना जर्मन कळत नाही या भरवशावर मी त्याला विचारलं, "तिथे त्यांची वाट बघणारी कोणी बाई आहे का?"

"बाई?" उवे म्हणाला. "त्यांच्या वयाचं तिथे आता कोणीच नाही. आहेत ते सगळे चर्चमागच्या मातीत."

मी म्हटलं, "पण ते रोज एका बाईचं नाव काढतात. म्हणजे नाव नाही. माफ करा, पण ते तिला... डिर्नं म्हणतात."

आधी त्याला कळेना. मग त्याच्या भुवया वर गेल्या आणि तो खो खो हसत सुटला. स्काइपचा आवाज तुटत होता म्हणून तो स्क्रीनजवळ येऊन, वर्गातल्या मागच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डिर्नं नाही हो, डेअर्न! मीन डेअर्न!"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "याह, याह, कमिंग! शाउट फॉर वॉट?"

सुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला, नळ चालू झाला आणि बंद झाला. ओले हात ब्लाउजला पुसत आंटी दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लॅपटॉपकडे पाहिलं नाही. खिडकीपाशी हेन्रीची रिकामी आरामखुर्ची होती, तिच्याकडे पाहिलं.

"हू कॉल मी?" त्या म्हणाल्या.

  मी विचारलं, "आंटी, हेन्री तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?"

"माय डिअर," त्या म्हणाल्या. "एव्हरी डे माय डिअर, माय डिअर. हिज ‘आर’ ऑल्वेज फनी वन."

डेअर्न म्हणजे मुलगी. समुद्रकाठच्या त्या बोलीत आपल्या माणसाला प्रेमाने म्हणायचं, मीन डेअर्न, माझी पोरगी. डोंगरातल्या जर्मनमध्येही हाच शब्द होता, ‘डिर्नं’, आणि तिथेही त्याचा अर्थ आधी कुमारिका असाच होता. मग तो मोलकरणीवर घसरला आणि शेवटी बाजारात जाऊन बसला. पुस्तकात आला तो असा नासलेला शब्द, आणि तोच मी पुण्यात पाठ केला. काठावर तो होता तसाच राहिला होता. हेन्रीने तो तोआ पायोहला आणला, आंटींनी तो इंग्रजी समजून घेतला, आणि दोघांचा संसार त्यावर सुखाने झाला. त्या समोर असल्या की तो गप्प बसायचा, कारण मग त्याला काही मागायचंच नसायचं.

हे सगळं मी आंटींना सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "सो ही वॉन्ट टु कम होम. होम हिअर."

"हो आंटी."

"देन व्हाय यू टेल मी लेडी?"

 मी रडायला लागले, आणि गंमत बघा, त्यांनीच मला पाणी आणून दिलं. मग लॅपटॉपपुढे वाकून त्या उवेला म्हणाल्या, सॉरी हं, तो येणार नाही, त्याचं घर इथे आहे. उवेने लगेच मान हलवली. मला वाटतं त्याला बरंच वाटलं. तो म्हणाला, त्याची आजी अशीच बोलायची, पण शाळेत प्लाट बोललं की मास्तर कान धरायचे, म्हणून त्याने स्वतःच्या मुलांना ती शिकवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आंटी नेहमीसारख्या दुपारी न जाता माझ्याबरोबर सकाळीच नर्सिंग होमला आल्या. मी आत गेले, त्या बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने हेन्रीचं सुरू झालं, इक विल ना हूस. त्याने ‘मीन डेअर्न’ म्हटल्याबरोबर बाहेरून आंटींनी उत्तर दिलं, "कमिंग, हेन्री." तो ओरडायचा थांबला. त्यांनी दिवसभरासाठी एक मदतनीस बाई ठेवली आणि त्याला घरी आणलं. पुढे वर्षभर तो त्या खिडकीत बसला आणि तिथेच गेला. तो कोट आंटींनी देऊन टाकला.

मला मात्र त्यानंतर एक खोड लागली. पुण्यात आपल्या वर्गात पहिल्याच महिन्यात बाईंनी सांगितलं होतं की जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते, ‘दास मेडशन’. सगळा वर्ग खदखदून हसला होता. मुलगी आणि ‘ते’? मीही तुमच्याबरोबर हसले होते. पण माझी आई सिंधुदुर्गातली, हे तुमच्यातल्या किती जणींना माहीत आहे? तिच्या माहेरी मुलीला चेडू म्हणतात, आणि ‘ती चेडू’ नाही, ‘ता चेडू’ म्हणतात. ता चेडू इला, म्हणजे मुलगी आली. दास मेडशन. हुबेहूब. मला तिथल्या तिथे कळलं होतं, पण बोलले नाही, कारण आमच्या घरात ते बोलायचं नसतं. आई लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा शेजारच्या बायका तिच्या हेलाला हसायच्या. वर्षभरात तिने बोलणं धुऊन स्वच्छ केलं. मला तिने कधी चेडवा म्हणून हाक मारली नाही. माहेरच्या फोनवर तेवढी मालवणी यायची, तीही दार लोटून घेऊन. तिची ती दाराआडची भाषा मी ऐकत मोठी झाले आणि सहा हजार किलोमीटरवरच्या लोकांची भाषा शिकायला फी भरून गेले. आता कधीकधी मी एकटी असले की तिच्या शब्दांशी चाळा करते. माका, तुका, खंय, वयर. उच्चार अजून पुणेरीच येतो.

त्यानंतर दोनएक वर्षांनी आई सिंगापूरला आली. बाबा गेले होते, ती एकटीच होती. एका रविवारी ओवी आणि मी तिला घेऊन घराजवळच्या हॉकर सेंटरला गेलो, म्हणजे एका छपराखाली पन्नास खाण्याची दुकानं आणि मधे टेबलं. समीर गावाला गेला होता. आईला आणि ओवीला टेबलावर बसवून मी तळलेला मासा आणायला रांगेत लागले. गर्दी मरणाची होती. मी कुठे गेले ते आईला दिसेना. ती घाबरली. पुण्यातली चाळीस वर्षं, शेजारणी, धुतलेली भाषा, सगळं बाजूला पडलं आणि त्या कलकलाटातून तिचा आवाज आला, "गो चेडवाऽऽ! खंय गेलंस गोऽऽ?"

"ओऽऽ!" मी ओरडले.

विचार करून नाही. हातात ट्रे होता, वाटीतला रस्सा माझ्या कुडत्यावर सांडला. त्या हाकेने मला जन्मात कोणी बोलावलं नव्हतं, आणि ती माझी आहे हे मला एका क्षणात कळलं. चार टेबलं वळून बघत होती. आई ओशाळली होती, पदराने तोंड पुसत म्हणाली, "अगं, तोंडातून निघून गेलं." मी तिला म्हटलं, आता तसंच निघू दे. 

घर कुठे, असं विचारलं तर मी इतकी वर्षं पत्ता सांगत आले. आधी पुण्याचा, मग इथला पिनकोडसकट. तुम्हीही तेच करत असाल. आता मला वाटतं, आपण ज्या हाकेला विचार न करता ओ देतो, ती हाक येते ते घर. मग ते कुठल्याही मजल्यावर असो. अशी हाक मारणारी माझ्याकडे आता एक आई उरली आहे, आणि तिलाही आजकाल ऐकू कमी येतं. उद्या माझ्या डोक्यातल्या भाषा एकेक करून गेल्या तर आधी जर्मन जाईल, मग इंग्रजी. खाली जे उरेल ते ओवीला कळणार नाही. ती कुठल्यातरी भाषावर्गात जाऊन विचारेल, मराठीची टीचर आहे का, आणि ती टीचर माझा काय अर्थ लावेल देव जाणे!

म्हणून मी ओवीला चेडवा म्हणायला लागले आहे. सकाळी उठवताना, जेवायला बोलावताना, लिफ्टचं दार बंद होत असताना. ती अजून ओ देत नाही. "मम्मी, दॅट इज नॉट माय नेम लाह," इथल्या पोरांच्या हेलात म्हणते, आणि मान वर न करता तिचं चालू ठेवते. मी पुन्हा हाक मारते.